काचेवरच्या मांड्या

मंगळवार, २१ जानेवारी

यंत्र आलं एकदाचं. सकाळी दहाला येतो म्हणणारा टेम्पो दुपारी चारला उगवला. आमच्या वलवणचा पत्ता नीट सांगितला होता तरी धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन आला म्हणे. तोवर मी भुवया करायला आलेल्या दोघींना परत पाठवलं, कारण यंत्राला जागा करायची म्हणून पार्लरची खुर्ची बाहेर काढून ठेवली होती.

यंत्राबरोबर ही डायरी फुकट. कव्हरवर एका गोऱ्या बाईच्या नुसत्या मांड्या, बाकी बाईचा पत्ता नाही. अशी वही घरात कुठे ठेवायची? सासूबाई आल्यागेल्याला दाखवतील. मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. कंपनीचा माणूस अतुल, पुण्याहून आलेला, म्हणाला, मॅडम, यात रोज क्लायंटचं लिहायचं. क्लायंट येतील तेव्हा लिहीन. तोवर माझंच लिहिते, नाहीतरी या घरात ऐकायला कोणाला वेळ आहे?

शनिवार-रविवारी बंगल्यांवर मुंबईच्या बायका येतात, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. बंगल्यात पोहायचा तलाव, तलावात उतरायला तोकडे कपडे, आणि तोकडे कपडे घातले की यांना मांडीवरचे खळगे आठवतात. भुवया करून घेता घेता दर वेळी विचारणार, सेल्युलाइटचं काही करता का? नाही म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं. शेवटी चिडून यंत्र भाड्याने घेतलं. बारा वर्षं दोरा धरून माझी बोटं कापली गेलीत, आता काहीतरी पुढचं करायला नको?

तेजलच्या पप्पांनी, म्हणजे प्रितमनी, यंत्राकडे बघून एवढंच विचारलं, लाइट बिल किती येईल. तेजलने तर ढुंकूनही बघितलं नाही. तिचं आता एकच चाललंय, मार्चमध्ये सोमाटण्याला जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड आहे. पाच वर्षं रोज पहाटे उठून ही पोरगी मैदानात जाते. डावा कोपरा खेळते. हिने घोटा धरला की चढाईला आलेली सुटत नाही, असं सोपान सर सांगतात. पोरीचं यंदा नाव लागलं पाहिजे, बाकी मला काही नको.

गुरुवार, २३ जानेवारी

आज ट्रेनिंग. अतुल दोन तास बोलला, त्यातलं मला समजलं ते असं. बायकांच्या कातडीखाली दोरे असतात, गोधडीला टाके असतात तसे. दोरा खाली ओढतो आणि मधली चरबी वर येते, म्हणून खळगा. यंत्र कातडी ओढून धरतं, गरम करतं आणि वरून रूळ फिरवतं. कापाकापी नाही, टोचाटोची नाही. आठ-दहा वेळा केलं की खळगे कमी दिसतात. आणि मग? मग काही महिन्यांनी परत दिसायला लागतात.

मी विचारलं, कोणाकोणाला असतं हे? म्हणाला, दहातल्या नऊ जणींना, अगदी बारीक बायकांनासुद्धा. म्हटलं, मग याला आजार कशाला म्हणायचं? तो म्हणाला, आजार नाही मॅडम, पण नको असतं ना. कपाळ माझं.

सराव करायला कोणीतरी हवं होतं. गल्लीतल्या एकीनेही पाय दिला नाही. सासूबाई मात्र तयार, पण मांडी नाही, गुडघा. ‘गरम लागतंय ना? मंग माज्या गुडघ्याला लाव की. त्या बाप्याला आदी भाईर काड.’ त्यांना समजावता समजावता माझा जीव गेला.

तेवढ्यात तेजल आली, मैदानातून थेट, हाफ पँटवरच. तिला म्हटलं, पाच मिनिटं उभी राहा. अतुलला बाहेर पाठवलं. त्याने शिकवलं तसं तिला सरळ उभं केलं, बाजूने टॉर्च मारला आणि मार्करने एकेक खळग्याभोवती गोल काढत गेले. समोरून उजेड पडला तर काही दिसत नाही, बाजूनेच पाडायचा.

‘आई, काय शोधतेयस?’

‘खळगे.’

‘मला आहेत?’

सगळ्यांना असतात, म्हटलं. मला कधी दिसले नाहीत, म्हणाली. मग फाइलसाठी फोटो काढला. झालं म्हटलं तरी ही आपली आरशासमोर मान वळवून मागून बघत उभी. मला घरी जाऊन पोळ्या करायच्या होत्या. किती वेळा हाक मारली तेव्हा हलली.

रविवार, २ फेब्रुवारी

पहिलं गिऱ्हाईक. मिसेस झवेरी, तुंगार्लीच्या बंगल्यातल्या. बाई काडीसारखी. मांडीवर खळगे शोधायला मलाच टॉर्च जवळ न्यावा लागला. पाऊण तास यंत्र फिरवलं आणि उठल्या उठल्या म्हणतात, फरक दिसत नाही. अहो, पहिली वेळ आहे. मग म्हणाल्या, तुमच्याकडे आधीचे आणि नंतरचे फोटो नाहीत का? बाकी सगळीकडे असतात.

अतुलला फोन केला. तो म्हणाला, आधीचा बाजूच्या उजेडात काढायचा, नंतरचा समोरच्या उजेडात, वर थोडं क्रीम. ही तर सरळ लबाडी झाली. मी ते करणार नाही म्हटलं. मग निदान आधीचा तरी लावा मॅडम, काचेवर मोठा स्टिकर, लोकांना कळलं पाहिजे तुम्ही काय करता.

आधीचा माझ्याकडे आहे. तेजलचा. चेहरा नाहीच त्यात, कंबरेखालचं फक्त. स्टिकरवाल्याला पाठवून दिला. फोटो मात्र सुरेख आलाय, मार्करचे गोल ठळक, गुडघ्यावरची ती चंद्रकोरीसारखी जुनी खूणसुद्धा स्पष्ट दिसते. शाळेत असताना खडीवर पडली होती तेव्हाची.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

स्टिकर लागला. दाराच्या काचेवर, माणसाच्या उंचीचा. खाली लिहिलंय, ‘तुम्हालाही ही समस्या आहे का?’ स्टिकरवाल्याने समस्या शब्द आधी चुकीचा छापला होता, परत करायला लावला.

बायकांचं सोडाच, दुपारपासून पुरुषच थांबतायत. मोटरसायकल हळू करून बघून जातात. मी एकदा बाहेर जाऊन विचारलं, भाऊ, तुम्हाला पण करायचंय का? तेव्हा पळाला.

संध्याकाळी तेजलचे पप्पा आले. ते दोन बंगले सांभाळतात, येता-जाता दुकानात डोकावतात. काचेसमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, कोणाच्या बाईचा लावलास हा? लोक काय म्हणतील? म्हटलं, कंपनीचा आहे. सख्ख्या बापाने ओळखलं नाही, तर बाकीचे काय ओळखणार. उगाच सांगून कटकट कशाला वाढवा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जेल संपलं, रूळ फिरवण्याआधी कातडीला चोपडायचं ते. अतुल म्हणाला होता ही बाटली दोन महिने जाईल. गिऱ्हाइकं झाली इनमिन चार. मग जेल गेलं कुठे? मी सरळ सासूबाईंना विचारलं, आत्या, तुम्ही दुकानात जाऊन गुडघ्याला लावता का? त्यांनी असं काही तोंड केलं की जणू मी त्यांच्यावर दरोडाच घातला. ‘मी कशाला हात लावू तुज्या त्या चिकट पाण्याला? मला शटर तरी उचलतंय का, सांग.’ हे खरं आहे, शटर माझ्यानेही जेमतेम उचलतं. पण मग दुसरं कोण?

तेजलचं एक वेगळंच. उन्हं तापायला लागली आणि ही लांब ट्रॅक पँट घालून सरावाला जाते. घाम येतो, अंगावर पुरळ उठलंय, पण नाही. आणि सरळ रस्ता दुकानावरून असताना बुद्धविहाराच्या मागून फिरून जाते, उकिरड्यावरून. विचारलं तर म्हणते, तिकडून गार वाटतं. उकिरड्यावरून गार.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज पार्लर होतं की दवाखाना तेच कळेना. सासूबाईंनी गल्लीभर सांगितलंय की अनघाच्या यंत्राने गुडघ्याला शेक मिळतो. सकाळी शटर उघडलं तर पायरीवर तीन म्हाताऱ्या पाय पसरून बसलेल्या, एक तर पार तिकोणा पेठेहून लेकीकडे आलेली. काचेवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, ‘या पोरीला काय झालंय गं? गोल गोल डाग कसले?’ काही झालेलं नाही, म्हटलं. मग फोटो कशाला लावलाय, म्हणाली.

मिसेस झवेरींची तिसरी वेळ. त्यांनी स्वतःची टेप आणली होती. मांडीचा घेर मोजला, तेवढाच. घेराचा आणि खळग्यांचा संबंध नाही हे मी पाच वेळा सांगितलं. जाताना काचेकडे बोट दाखवून म्हणाल्या, ये लडकी का क्या हुआ, ठीक हुई? तिला कुठे काय झालं होतं?

गुरुवार, २० फेब्रुवारी

तेजल जेवत नाही. भात बंद, पोळी अर्धी. कबड्डी खेळणारी पोरगी अर्ध्या पोळीवर कशी उभी राहणार? मी बोलले की ताट सरकवून उठते. न्हाणीत तासभर. आजीशी बोलत नाही, बापाशी नाही, माझ्याशी तर नाहीच. मला वाटतं काहीतरी प्रेमाबिमाचं प्रकरण आहे. फोन बघू दे म्हटलं तर छातीशी धरून बसली. एवढं वाढवून, खाऊ घालून हे असं तोंड बघायचं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज डोकं फिरायची पाळी आली.

सोपान सर दुकानावर आले. आत या म्हटलं तर येईनात. रस्त्याकडे तोंड करून, काचेला पाठ लावून उभे. माझ्याशी बोलतायत आणि बघतायत समोरच्या टपरीकडे. माणसाने तोंडाकडे बघून बोलायला काय होतं? त्यांनी सांगितलं, तेजल पंधरा दिवस मैदानात आलेली नाही. सोळा मार्चला रविवारी सोमाटण्याला निवड. ती आली नाही तर वलवणची एकही पोरगी जिल्ह्यात लागणार नाही आणि तिचं हे शेवटचं वर्ष, पुढे वयाच्या गटातून बाहेर.

ही तर रोज पहाटे सहाला पिशवी घेऊन जाते. मी स्वतः चहा करून देते. मग पंधरा दिवस जाते कुठे?

सर म्हणाले, ‘ताई, तुम्हीच बघा काय ते. आम्ही काय बोलणार यात.’ कशात काय बोलणार? पण ते निघून गेले होते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल-परवा दोन दिवस भांडण. तेजल म्हणते, कंटाळा आला, नाही खेळायचं. मी म्हटलं, पाच वर्षं कंटाळा आला नाही, आता निवड तोंडावर आल्यावर आला? कोण आहे तो सांग. कोण तो, म्हणाली. मग हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही.

‘तुला काय फरक पडतो? तुझं दुकान चालतंय ना?’

मी हात उगारला होता. सासूबाई मध्ये पडल्या. तेजलचे पप्पा बंगल्यावर पाण्याची मोटर बघायला गेले. या घरात भांडण सुरू झालं की हमखास कुठली तरी मोटर बंद पडते.

मंगळवार, ४ मार्च



आज एका नवरीला घरी जाऊन तयार करायचं होतं म्हणून सातलाच दुकानात सामान आणायला गेले. शटर अर्धं वर. आतून यंत्राची घरघर. मला वाटलं चोर. मी खाली वाकून आत गेले तर पडद्यामागे तेजल, टेबलावर बसलेली, रूळ स्वतःच्या मांडीवर दाबून धरलेला, बटण शेवटच्या आकड्यावर. जेल नव्हतंच, नुसत्या कातडीवर. तळहाताएवढा लालभडक चट्टा आणि मधे फोड आलेला.

मी यंत्राची वायर ओढून काढली. ती रडत नव्हती. मांडीकडे बघत म्हणाली,

‘जात नाहीत, आई.’

‘काय जात नाहीत?’

‘तू दाखवलेस ते.’

मग सगळं बाहेर आलं. स्टिकर लागला त्याच संध्याकाळी मुली पळायच्या सरावाला दुकानावरून गेल्या. रेणुका सगळ्यात पुढे पळते, ती थांबली आणि म्हणाली, ए, ही तर तेजलची मांडी. गुडघ्याची खूण बघा. आख्खा संघ काचेसमोर उभा राहिला. रोज पकड घेताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकमेकींचे पायच असतात. चेहरा नसला तरी त्यांना काय. त्याच दिवशी फोटो दुसऱ्या गावांच्या मुलींपर्यंत गेला, खाली लिहिलेलं, वलवणच्या डाव्या कोपऱ्याला ही समस्या आहे. सोपान सरांनीही पाहिला. सगळ्यांनी पाहिला. विहाराच्या मागून ती गार हवेसाठी जात नव्हती.

मी चेहरा नाही, चेहरा नाही म्हणत बसले होते. अगं बाई, तुझ्या गावातली पोरं कबड्डी खेळतात, तोंडं बघत नाहीत. एवढं मला कळू नये? आणि जेलच्या बाटलीचा आळ मी त्या म्हातारीवर घातला.

डॉक्टरकडे नेलं. मलम दिलं, उन्हापासून जपा म्हणाले, आठ-दहा दिवसांत बरं होईल, खेळायला हरकत नाही. खेळायचं नाव काढताच तेजलने मान फिरवली. नवरीला तयार करायला मी गेलेच नाही. तिच्या आईचे फोन येत राहिले, शेवटी बंद केला.

बुधवार, ५ मार्च

स्टिकर खरवडला. सुरी, गरम पाणी, रॉकेल, सगळं वापरलं. फोटो निघाला पण गोंद राहिला, आणि गोंदावर रस्त्याची धूळ बसून काचेवर दोन मांड्यांचा आकार जसाच्या तसा. पुसावं तितका उठून दिसतो. मी काचेवर चप्पल फेकून मारली. काच फुटली नाही, तीही मेली माझं ऐकत नाही.

तेजलला म्हटलं, चुकलं माझं. तुला न विचारता लावला, चुकलं. ती हं म्हणाली. म्हटलं, अगं हे सगळ्यांना असतं, त्या अतुलने पहिल्याच दिवशी सांगितलं, दहातल्या नऊ जणींना.

‘माहितीये. पण टॉर्च मारून माझेच शोधलेस ना.’



शनिवार, ८ मार्च

सकाळी अतुलचा मेसेज, महिला दिनाची खास सवलत, एका मांडीबरोबर दुसरी मांडी मोफत. मी तो दोनदा वाचला. एक मांडी कोण करून घेतं? बाई लंगडी आहे का? माझं डोकं असं काही तडकलं की विचारू नका.

मग काय झालं मला माहीत नाही. मी घरी आले, तेजलची हाफ पँट दोरीवर वाळत होती ती काढली आणि घातली. कमरेला बटण लागेना, पिन लावली. तेजल खाटेवर पडली होती. तिला म्हटलं, ऊठ, फोन घे, माझा फोटो काढ. चेहऱ्यासकट.

ती नाही म्हणाली. मी म्हटलं, नाही काढलास तर रेणुकाला बोलावीन, तिला पाय फार ओळखता येतात. तेव्हा उठली.

टॉर्च धरायला कोणी नव्हतं म्हणून सासूबाईंना उभं केलं. त्या म्हणाल्या, ‘धरते, पन मला लाज वाटती. डोळं मिटून धरनार.’ आणि खरोखर डोळे घट्ट मिटून धरला, सगळा उजेड कपाटावर. आत्या, खाली. खाली. इतकं खाली नाही. कोणीतरी मला या घरातून बाहेर काढा.

मार्करने मी समोरचे गोल काढले, मागचे दिसत नव्हते. मी मान वळवून धडपडत होते, तेव्हा तेजल पुढे आली. माझ्या हातातून मार्कर घेतला आणि मागून गोल काढायला लागली. हितं आहे, म्हणाली. हितंपण. हा बघ केवढा आहे, आई. तिची बोटं गार होती. मी पाठमोरी उभी होते म्हणून बरं, माझे डोळे भरले होते.

पहिला फोटो हलला. दुसऱ्यात सासूबाईंचा हात आला. तिसरा ठीक.

सोमवार, १० मार्च

नवा स्टिकर लागला, जुन्या गोंदाच्या बरोबर वर. मी आख्खी, डोक्यापासून पायापर्यंत, तेजलच्या हाफ पँटमध्ये, मांड्यांवर गोल. खाली लिहिलं, ‘अनघाताई, वलवण, वय त्रेचाळीस. हे खळगे सगळ्यांना असतात. यंत्राने थोडे दिवस कमी दिसतात, परत येतात. तरी हवं असेल तर या.’ स्टिकरवाल्याने तीनदा विचारलं, हाच छापायचा ना? शब्द मात्र सगळे बरोबर छापले.

अतुल फोनवर किंचाळला, मॅडम, परत येतात असं कोण लिहितं? कंपनी यंत्र काढून नेईल. ने म्हटलं, आणि तुझी डायरीपण ने. डायरी मी देणार नाही, पण म्हटलं.

तेजलचे पप्पा बोलत नाहीत. काचेसमोरून जाताना खाली बघतात. संध्याकाळी मिसेस झवेरींचा फोन आला, कोणीतरी त्यांना फोटो पाठवला होता. खूप हसल्या आणि रविवारी नुसतं फेशियल करायला येते म्हणाल्या.

आणि माझं खरं सांगू? मला मरणाची लाज वाटतेय. चिडून लावला तेव्हा काही वाटलं नाही. आज दुपारी जेवून परत दुकानाकडे निघाले तर टपरीवर चार माणसं काचेकडे बघत उभी. माझे पाय आपोआप विहाराच्या मागे वळले. उकिरड्यापर्यंत गेले आणि कळलं, ही पोरगी महिनाभर रोज याच वाटेने गेली. एकटी. आणि मी तिला घाम आला म्हणून बोलत होते. तिथेच उभी राहून रडले. मग परत फिरले आणि सरळ रस्त्याने, टपरीवरून, दुकानात गेले. त्या चौघांना जय भीम पण घातला.

बुधवार, १२ मार्च

पहाटे सहाला भांड्याचा आवाज आला. मला वाटलं मांजर. तेजल स्वतःचा चहा करत होती. अंगात ट्रॅक पँट होती. मी झोपेचं सोंग घेतलं. आठला परत आली तेव्हा हाफ पँटवर होती, चट्ट्यावर पट्टी, आणि दोन्ही गुडघे मातीने भरलेले. ताटात भात वाढला, तो संपला.

रविवार, १६ मार्च

सोमाटणे. स्कूटरवर आम्ही दोघी, जुन्या हायवेने. मैदानाभोवती ही गर्दी, बसायला जागा नाही, मंडपवाल्याने मंडप घातलाय तो पाहुण्यांच्या खुर्च्यांवर आणि पोरी उन्हात. उन्हापासून जपा म्हणाले होते डॉक्टर. मी एका संयोजकाशी भांडून तेजलच्या संघाला सावलीत बसवलं.

ती उतरली. हाफ पँट, उघडे पाय, चट्टा गुलाबी झालाय पण दिसतो. गुडघ्यावरची चंद्रकोर दिसते. समोरच्या संघातली एक उंच पोरगी चढाईला आली. मी रेषेलगतच बसले होते म्हणून मला ऐकू आलं. कबड्डी कबड्डी म्हणायच्या आधी ती तेजलकडे बघून हसत म्हणाली,

‘हीच का गं ती काचेवरची?’

तेजल कोपऱ्यात वाकून उभी होती. हललीसुद्धा नाही.

‘न्हाई. काचेवरची माझी आई आहे. ती बघ, पिवळा ड्रेस.’

ती पोरगी खरंच माझ्याकडे वळून बघायला लागली. मी हात वर केला. मग तिने दम घेतला आणि आत शिरली, आणि तेजलने तिचा घोटा धरला. सुटली नाही.

नावं गुरुवारी लागतील. सोपान सर माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे बघून म्हणाले, ताई, चांगली खेळली. आणि गर्दीत पाणी शोधायला गेले.

येताना स्कूटरवर तिने मागून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली. वडगाव मागे पडलं तेव्हा म्हणाली,

‘आई, तुझा फोटो लय घाण आलाय.’

काढलास तूच, म्हटलं.